पानावरचे यीस्ट आणि बुरशीने भरलेली प्लेट

प्रश्न : आमचे विद्यार्थी अंजनेरीच्या पायथ्याची जांभळाची आणि बागेतली द्राक्षाची पाने धुऊन ते पाणी अगरची (पोषक जेलीची) प्लेट घेऊन तिच्यावर पसरतात. तिसऱ्या दिवशी प्लेट बुरशीने झाकते, उरतात त्या सगळ्या गुलाबी वसाहती. अशाने यीस्टची नवी प्रजाती सापडेल का?
– एक प्राध्यापिका, नाशिक रोड

उत्तर : सापडेल, पण द्राक्ष सध्या बाजूला ठेवा. बागेत गंधक, बोर्डो मिश्रण फवारलेले असते. यीस्ट हीदेखील बुरशीच, तीही त्यात मरते. न फवारलेले जांभूळ, करवंद घ्या. वनहद्दीत मात्र वन विभागाची परवानगी आधी काढा.

एक लिटर माध्यमाला यीस्ट अर्क 3, माल्ट अर्क 3, पेप्टोन 5, ग्लुकोज 10 आणि अगर 20 ग्रॅम. बुरशीला आवरायला सोडियम प्रोपिओनेट 2.5 ग्रॅम, जिवाणूंसाठी क्लोरॅम्फेनिकॉल 0.1 ग्रॅम. क्लोरॅम्फेनिकॉल ऑटोक्लेव्हची (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राची) उष्णता सोसते, आधीच घातले तरी चालते.

धुण्यासोबत दुसरी पद्धतही लावा. पानाचा तुकडा व्हॅसलिनच्या ठिपक्याने डिशच्या झाकणाला आतून चिकटवा, खालची बाजू अगरकडे ठेवा. स्पोरोबोलोमायसिससारखी यीस्ट आपले बीजाणू उडवते. ते खाली पडतात आणि दोन-चार दिवसांत अगरवर पानाचा आकार उमटतो, शिरांसकट. डिश उलटी करू नका, हलवूही नका. झाकणावर दव साचून थेंब पडला की ठसा पुसलाच. 20 ते 25 अंशांत ठेवा.

खरी चूक निवडताना होते. गुलाबी वसाहती डोळ्यांत भरतात, म्हणून त्याच उचलल्या जातात. दुसऱ्या दिवसापासून रोज भिंगाखाली बघा, बुरशीची कड सुईने कापून काढा, आणि सातव्या-दहाव्या दिवशी उगवणाऱ्या टाचणीच्या डोक्याएवढ्या फिकट वसाहती जरूर घ्या. मलईसारखी दिसून पुढे हिरवट-काळी पडणारी वसाहत बहुधा ऑरिओबासिडियम या यीस्टसारख्या बुरशीची असते. ती सगळीकडे भेटते.

वसाहत नव्या प्लेटवर दोन-तीनदा रेघा ओढून शुद्ध केल्यावर तिच्या डीएनएमधल्या डी1/डी2 भागाचा (रायबोसोमच्या जनुकाचा, प्रजाती ओळखायला वापरला जाणारा तुकडा), म्हणजे साधारण 600 अक्षरांचा, क्रम काढून घ्या. ज्ञात प्रजातीशी 0 ते 3 अक्षरांचा फरक असेल तर बहुतेक तीच. 6 किंवा जास्त असेल तर नवी असण्याची शक्यता. मग त्याच कामाचा डीएनएचा दुसरा तुकडा, आयटीएस भाग, तोही पडताळा, आणि त्याच झाडाच्या पानांवरून पुन्हा नमुने घेऊन त्याच प्रजातीचा दुसरा वाण (वेगळी मिळालेली शुद्ध वसाहत) मिळवा. एकाच वाणावर प्रजाती उभी करणे कच्चे काम आहे. नाव जाहीर करताना मायकोबँकेसारख्या, बुरशींच्या नावांच्या नोंदणीचा क्रमांक लागतो, आणि प्रमाण-नमुना सुप्त अवस्थेत, गोठवून वाळवून, संग्रहालयात जमा करावा लागतो. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे, तिथे आधी विचारा.