वाचकांचे प्रश्न : टेकडी, ओढा आणि लक्ष्मी रस्ता

प्रश्न : आठवीची ४५ मुले घेऊन वेताळ टेकडीवर अर्ध्या दिवसाची क्षेत्रभेट आहे. गेल्या वर्षी मुलांनी नुसते फोटो काढले. या वेळी काय करून घ्यावे?
– भूगोल शिक्षिका, कोथरूड

उत्तर : एकच प्रश्न ठरवा आणि तो आदल्या दिवशी मुलांना द्या. ‘टेकडीचा उतार सगळीकडे सारखा का नाही?’ हा चांगला प्रश्न आहे, कारण तो मोजून सुटतो. ‘टेकडीची माहिती मिळवा’ म्हटले की मुले फोटोच काढणार. पाच-पाच जणांचे नऊ गट करा, थांबे तीनच ठेवा.

उतार मोजायला कंपासपेटीतला मोठा कोनमापक पुरतो. त्याच्या सरळ कडेला स्ट्रॉ चिकटवा, मध्यबिंदूतून दोरा सोडून टोकाला नट बांधा. झाला ओळंबा. सरळ कड वर ठेवून धरा. जमीन सपाट असेल तर दोरा ९० अंशांवर येतो. उतारावर तो ९० पासून जितका सरकेल तितका उताराचा कोन. १० मीटर दोरीच्या दोन टोकांना सारख्या उंचीची दोन मुले उभी करा. खालच्याने स्ट्रॉमधून वरच्याच्या डोळ्यांकडे पाहायचे, तिसऱ्याने दोरा चिमटीत दाबून आकडा वाचायचा. वाऱ्याने दोरा हलतो, म्हणून तीनदा वाचून सरासरी घ्या. मुले हमखास समोरच्याच्या पायांकडे पाहतात. डोळ्यांची उंची १.४ मीटर असेल तर तेवढ्याने कोन सुमारे ८ अंशांनी चुकतो. बारा अंशांचा उतार चार अंशांचा दिसला तर पुढचे सगळे वाया गेले.

कारण शोधायला जुन्या दगडखाणीचा उभा कातळ दुरून दाखवा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे लाव्हाचे थर इथे उघडे पडले आहेत. थराच्या खालच्या-मधल्या भागातला बेसॉल्ट घट्ट आणि काळा. वायूचे बुडबुडे वर चढतात, त्यामुळे वरचा भाग सच्छिद्र. काही छिद्रांत पांढरी खनिजे भरलेली असतात. सच्छिद्र भाग लवकर झिजून मुरूम होतो आणि उतार मंदावतो, घट्ट भाग कड्यासारखा उभा राहतो. मुलांचे आकडे आणि हे थर एका आकृतीत जुळवले की प्रश्नाचे उत्तर त्यांनाच सापडते. खाणीच्या कडेपासून पाच मीटर लांब थांबा, तिथे एक शिक्षक कायम उभा हवा. होकायंत्र खडकावर ठेवू नका. बेसॉल्टमध्ये चुंबकीय खनिज असते, सुई फसू शकते.

प्रश्न : नदीचा वेग मुठेत मोजता येईल का?
– दहावीची विद्यार्थिनी, सिंहगड रस्ता

उत्तर : मुठेच्या पात्रात उतरू नकोस. खडकवासल्यातून पाणी सोडले की भिडे पूलसुद्धा पाण्याखाली जातो, आणि वर कोरडे आकाश असतानाही पाणी वाढू शकते. शहरातल्या ओढ्यांत सांडपाणी असते, तेही टाळ. पाऊस ओसरल्यावर सिंहगडाच्या पायथ्याचा, गुडघ्याखाली पाणी असलेला ओढा निवड आणि मोठ्यांसोबत जा.

ओढ्याचा सरळ भाग बघून १० मीटर मोज. संत्रे सोड, घड्याळ लाव. थर्माकोल नको. तो पाण्यावर उंच तरंगतो आणि वारा त्याला ढकलतो, मग मोजला जातो तो वाऱ्याचा वेग. मधून आणि दोन्ही काठांजवळून तीन-तीनदा सोड. सरासरी २५ सेकंद आले तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला ०.४ मीटर. तळ आणि काठ पाण्याला अडवतात, म्हणून ०.८५ ने गुण : ०.३४. रुंदी २ मीटर आणि सरासरी खोली ०.२ मीटर असेल तर २ × ०.२ × ०.३४, म्हणजे ०.१३६ घनमीटर, सेकंदाला १३६ लिटर. खोली एकाच जागी मोजून चालत नाही. काठापासून काठापर्यंत दर २० सेंटिमीटरला मोज.

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, आणि एक घनमीटर म्हणजे सुमारे ३५.३ घनफूट. बातम्यांतला १०,००० क्युसेकचा विसर्ग म्हणजे सेकंदाला सुमारे २८३ घनमीटर. स्वतःच्या ओढ्याशेजारी तो आकडा मांडून बघ.

प्रश्न : लक्ष्मी रस्त्यावरच्या सर्वेक्षणात दुकानदार प्रश्नावली भरून देत नाहीत.
– पालक, नारायण पेठ

उत्तर : प्रश्न सहापेक्षा जास्त नकोत आणि उत्पन्न विचारू नका. संध्याकाळी गिऱ्हाईक असते. दुपारी एक ते चार कित्येक दुकाने बंद. सकाळी अकराच्या आसपास जा, शाळेचे पत्र दाखवा. दर पाचवे दुकान घ्या, नाहीतर मुले ओळखीच्याच दुकानांत जातात. तळमजला आणि वरचे मजले वेगळ्या रकान्यांत लिहायला सांगा. खाली साडी, वर क्लास, त्यावर घर, असा उपयोग वेगवेगळा असतो, आणि एकच रकाना ठेवला तर तो सगळा ‘व्यापार’ होऊन बसतो. नकाशा १:५०,००० चा घेऊ नका. त्यावर १ सेंटिमीटर म्हणजे ५०० मीटर. १:२,००० चा हाती आराखडा करा, १ सेंटिमीटरला २० मीटर.