एमआरआय नॉर्मल, मग दर वेळी रक्तदाब कशाला?

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला गेल्या वर्षी स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. वय बावीस. एमआरआय नॉर्मल आला. तरी डॉक्टर दर भेटीत रक्तदाब, वजन, कमरेचा घेर बघतात, मधूनमधून साखर तपासतात. ताणाने मेंदू आक्रसतो, असं वाचलं. आजाराआधी दोन वर्षं त्याचे गुण घसरत होते आणि त्यावरून घरात रोज भांडणं व्हायची. आम्हीच त्याचा मेंदू बिघडवला का? — एक बहीण

उत्तर : नाही.

एमआरआय काढतात तो गाठ, रक्तस्राव असं दुसरं काही नाही ना, हे बघायला. स्किझोफ्रेनियातले फरक एकट्याच्या फिल्मवर ओळखू येण्याजोगे नसतात. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात 2,028 रुग्ण आणि 2,540 निरोगी माणसांची स्कॅन्स एकत्र मोजली, तेव्हा रुग्णांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणींशी निगडित भाग, लहान भरला. पण सरासरीने! कित्येक रुग्णांचा हा भाग निरोगी माणसांपेक्षा मोठाही असतो.

याच हिप्पोकॅम्पसमध्ये ताणाचं संप्रेरक (माणसात कॉर्टिसॉल) धरून ठेवणारे रेणू, म्हणजे रिसेप्टर, दाटीने असतात, हे अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञ ब्रूस मॅकइवेन यांनी 1968 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दाखवलं. कुशिंगच्या आजारात कॉर्टिसॉल दीर्घकाळ चढलेलं राहतं, तेव्हा हा भाग लहान होतो. उपचारांनी ते उतरलं की काही अंशी भरूनही येतो. ही भरून येण्याची गोष्ट लोक वाचत नाहीत, आक्रसण्याची तेवढी वाचतात.

स्किझोफ्रेनियाच्या सुरुवातीलाच, औषधाची पहिली गोळी पोटात जाण्याआधीही, काही रुग्णांत कॉर्टिसॉल वाढलेलं आणि साखरेचं नियंत्रण ढळलेलं सापडतं. ताणाचा शरीरावर पडलेला भार मोजायला रक्तदाब, घेर, साखर, चरबी, दाह यांच्या मोजमापांची बेरीज केली आणि ती जास्त निघाली, तर मेंदूचा बाह्य थर काहीसा पातळ दिसतो, असंही संशोधनात आढळलं आहे. तुमचे डॉक्टर टेप घेऊन बसतात ते उगाच नाही. मात्र आधी काय आणि मागून काय, हे यातून ठरत नाही. आजार स्वतःच झोप उडवतो, भीतीने शरीराला रात्रंदिवस सावध ठेवतो. त्यात सिगारेट येते, औषधांनी वजन वाढतं.

आता भांडणं. गुण आधी घसरले आणि भांडणं त्यावरून झाली, असं तुम्हीच लिहिलंय. निदानाच्या वर्ष-दोन वर्षं आधीपासून लक्ष न लागणं, मित्र तुटणं, अभ्यास ढासळणं हे या आजारात वारंवार दिसतं. म्हणजे तुम्ही ज्याला आळस समजून भांडत होतात, तो बहुधा आजारच होता. तो ओळखायला आम्हा डॉक्टरांनाही जड जातं. पुढे मात्र जपा : घरात सतत टीका होत राहिली तर आजार उलटण्याची शक्यता वाढते, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. उशिरा उठला म्हणून बोलण्याआधी रात्रीच्या गोळीने सुस्ती येते का, ते विचारा.

वजन भराभर वाढू लागलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना कळवा. औषध बदलता येतं, पण गोळ्या स्वतःहून बंद करू नका. आणि भाऊ सिगारेट ओढत असेल आणि सोडणार असेल, तर तेही आधी सांगा. ओलान्झापिन किंवा क्लोझापिन ही या आजारावरची औषधं चालू असतील तर सिगारेट सुटल्यावर रक्तातलं त्यांचं प्रमाण वाढतं आणि डोस कमी करावा लागू शकतो.