थायरॉइडची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका

थायरॉइडबद्दल बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून पुन्हा पुन्हा येणारे चार प्रश्न इथे घेते.

प्रश्न : थायरॉइडची गोळी सकाळच्या चहाबरोबर घेतली तर चालते का? (खानापूर)

नाही. थायरॉइड कमी चालतो म्हणून दिलेली ही गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्या. चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने, कॅल्शियम-लोहाच्या गोळ्या चार तासांनी.

प्रश्न : माझा टीएसएच 6 आला. शेजारच्या काकूंची गोळी सुरू करू का? (चिकोडी)

नको. टीएसएच म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन; थायरॉइड कमी चालला की ते वाढतं. थोडा वाढलेला टीएसएच कधी कधी आपोआप उतरतो. दोन-तीन महिन्यांनी टी-4सह (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन) पुन्हा तपासून डॉक्टर ठरवतील. दिवस गेले असतील किंवा मूल हवं असेल, तर मात्र याच आठवड्यात दाखवा.

प्रश्न : जाऊबाईंचा थायरॉइड जास्त चालतो. एकाने ‘मुळापासून बरा करतो’ म्हणून पावडर दिली, म्हणून महिन्यापूर्वी थायरॉइड आवरणारी कार्बिमॅझोलची गोळी सोडली. आता ताप आहे, छाती धडधडते. मेडिकलमधून तापाची गोळी आणू का? (निपाणी)

यांना फोनवर लगेच दवाखान्यात पाठवलं. इथे लिहिते ते बाकीच्यांसाठी, कारण ही पावडर घरोघरी पोहोचली आहे. डब्यावर आत काय आहे ते पुष्कळदा धड लिहिलेलं नसतं. त्यात समुद्री शेवाळ असेल, तर त्यातल्या आयोडीनने जास्त चालणारा थायरॉइड आणखी भडकतो. विकणाऱ्याचं काय जातं? गोळी सुटलेली, त्यात एखादा संसर्ग, ऑपरेशन किंवा बाळंतपण आलं की थायरॉइडचं वादळ, म्हणजे जिवावर बेतणारा भडका, उठू शकतं. ताप 102च्या वर, नाडी मिनिटाला 130-140, उलट्या-जुलाब, हातातल्या बशीतला चहा सांडेल इतकी थरथर, मग असंबद्ध बोलणं. कुणाला वाटतं बाहेरचं काही लागलं, आणि अंगारा लावण्यात रात्र जाते. या रात्रीतच माणूस हातचा जातो. आयसीयू असलेलं हॉस्पिटल गाठा. तापाला अ‍ॅस्पिरिन देऊ नका, त्याने रक्तातलं मोकळं हार्मोन वाढतं. पॅरासिटामॉल चालेल, पण त्यासाठी थांबू नका.

आणि जे कार्बिमॅझोल नेमाने घेतात त्यांनीही ऐका. ताप, घसादुखी किंवा तोंडात फोड आले, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजून घ्या. क्वचित त्या एकदम खाली जातात. साधा घसा आहे म्हणून अँटिबायोटिक आणून घरी बसू नका. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडेच जा. पुढे गोळी घ्यायची की नाही ते तेच सांगतील.

प्रश्न : सासूबाईंची थायरॉइडची गोळी दिवाळीपासून बंद आहे. थंडीत दिवसभर झोपून असतात, चेहरा सुजलाय, बोलणं जड झालंय. वयाचं असेल ना? (बेळगाव)

वयावर ढकलू नका. अंग गार, नाडी मंद आणि हाक मारून नीट जाग येत नसेल, तर ही इमर्जन्सी आहे. शेगडीने किंवा गरम पाण्याच्या पिशवीने शेकू नका, नुसतं पांघरूण घाला. बंद झालेली गोळीही आपल्या मनाने पुन्हा सुरू करू नका. 108ला फोन करा आणि जुने रिपोर्ट बरोबर घ्या.