व्हिस्लर की बॅन्फ?

प्रश्न: फेब्रुवारीत कॅनडात स्कीला जायचंय, आम्ही सगळे नवखे, मुलं लहान आणि सासूबाईपण बरोबर. व्हिस्लर आणि बॅन्फ या स्कीच्या ठिकाणांपैकी कुठे जावं?

उत्तर: सासूबाई आहेत म्हणजे व्हिस्लरच, कारण त्यांना स्की न करताही ४.४ किमीच्या पीक टू पीक गोंडोलात (दोन डोंगरांमधल्या केबल कारमध्ये) बसून डोंगर बघता येतील आणि समुद्र जवळ असल्याने थंडी बॅन्फपेक्षा बरीच कमी, फक्त खाली गावात कधीकधी पाऊस लागतो तेवढं धरून चाला. मुलांना सरळ स्की स्कूलमध्ये टाका, स्वतः शिकवायच्या भानगडीत पडू नका (नवरोबांनी तर नाहीच!). हिरव्या गोलाची खूण म्हणजे सोपा उतार, काळा डायमंड दिसला की लांबूनच नमस्कार. व्हँकुव्हरहून गाडी भाड्याने घेणार असाल तर विंटर टायर आहेत ना विचारा, व्हिस्लरला जाणाऱ्या हायवे ९९ वर ३१ मार्चपर्यंत ते लागतातच.