सशुल्क मालिकेत गोष्ट कशी सांगावी: नवोदितांसाठी

पुण्याच्या इतिहासावर आपण सशुल्क मालिका सुरू करीत आहात, याचा मनापासून आनंद झाला. आरंभी एवढेच सांभाळावे, की प्रत्येक भागात एक माणूस, त्याची एक अडचण आणि पुढील भागापर्यंत मनात राहील असा एक प्रश्न असावा. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, ही माहिती कोठेही विनामूल्य मिळते. परंतु नदीकाठच्या पेठेतील एखाद्या कुटुंबाने त्या दिवशी घरातून काय उचलून नेले, हे ऐकण्यासाठी शुल्क भरणारा सभासद थांबतो. तो पूर पाहिलेल्या वडीलधाऱ्यांकडून अशा आठवणी आजच नोंदवून घ्या, कारण ती पिढी आता थकली आहे.

नारदीय कीर्तनातील पूर्वरंगाचे निरूपण (पहिल्या भागातील विषयाचे विवेचन) आणि उत्तररंगाचे आख्यान (दुसऱ्या भागात तोच विषय पटवणारी कथा) यांची सांगड एकदा लक्षपूर्वक ऐका. नवख्यांचे भाग बहुधा निरूपणातच संपतात, गोष्टीपर्यंत पोहोचतच नाहीत. याहून मोठी चूक म्हणजे उत्सुकता ताणून उत्तर न देणे, कारण पैसे भरलेल्या माणसाला त्यात फसवणूक वाटते.

नवा भाग देण्याचा वार ठरवा आणि तो पाळा. शुल्काचे निरनिराळे स्तर व आकडेवारी यांचा विचार पहिले दहा भाग झाल्यावर करू.