बंदूक घरात ठेवायची कशी? वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरे

पेरणीनंतर रानडुकरे आणि रोह्यांचा (नीलगाईंचा) त्रास वाढतो. त्या दिवसांत पीकसंरक्षणाच्या बंदुकीविषयीची पत्रेही वाढतात. या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांत बंदूक घरात सुरक्षित कशी ठेवावी आणि त्यासाठी किती खर्च करावा, हाच विषय होता. त्यांतील पाच पत्रांची उत्तरे येथे देत आहोत. पत्रलेखकांची नावे उघडपणे छापणे योग्य नसल्यामुळे केवळ तालुक्यांचा उल्लेख केला आहे.

प्रश्न : माझ्याकडे परवान्याची बारा बोअरची दुनळी आहे. घर जुने, मातीच्या जाड भिंतींचे आहे. सध्या बंदूक लोखंडी आलमारीमागे उभी असते. तयार तिजोरी परवडणार नाही. कमी खर्चात काय करता येईल? — एक शेतकरी, दिग्रस तालुका

उत्तर : आलमारीमागची जागा आजच सोडावी, ही पहिली विनंती. बंदूक बाळगण्याचा परवाना एकट्या आपल्या नावावर आहे, आणि शस्त्र नियम, २०१६ नुसार शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमीही आपल्यालाच द्यावी लागते. घरातील मुले, पाहुणे, कामावर येणारी माणसे यांपैकी कोणाचाही हात बंदुकीपर्यंत पोहोचत असेल, तर ती हमी कागदावरच राहिली असे म्हणावे लागेल. खेड्यातल्या घरात तिजोरीचे पहिले काम चोराला अडवणे हे नसून घरातल्याच हातांना अडवणे हे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे, आणि पुढचा सारा सल्ला त्या मतावरच उभा आहे.

आता खर्चाकडे येऊ. दुनळीची नळी साधारणपणे २८ ते ३२ इंचांची असते आणि जोडलेली बंदूक चार फुटांच्या आसपास भरते, त्यामुळे ती उभी ठेवायची तर साडेचार फूट उंचीची पेटी लागते. परंतु दुनळी नळ्या, पुढचे लाकूड आणि दस्ता अशा तीन भागांत सहज सुटते. सोडवून ठेवली, तर आतून ९० सेंटिमीटर लांब, २५ सेंटिमीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर खोल पेटी पुरते. लोखंडाच्या एका चौरस मीटर पत्र्याचे वजन दर मिलिमीटर जाडीमागे सुमारे ७.८५ किलो असते. त्या हिशेबाने ३ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याची अशी आडवी पेटी जवळपास १९ किलो लोखंडात होते, तर १३५ सेंटिमीटर उंच, ३५ सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल उभी पेटी त्याच पत्र्यात ४६ किलोंवर जाते. तालुक्याच्या गावातील फॅब्रिकेशनवाले पुष्कळदा किलोच्या दराने काम घेतात, म्हणून आडव्या पेटीचा खर्च निम्म्याहूनही कमी होऊ शकतो. शिवाय सुटे भाग कुणाच्या हाती लागले तरी लगेच बंदूक होत नाही, हा फायदा वेगळाच. दर आधी ठरवून घ्यावा आणि तयार पेटी काट्यावर तोलून घ्यावी. पत्रा सांगितल्यापेक्षा पातळ वापरला असेल तर तो वजनात उघड होतो.

पेटीचे दार चौकटीत आत बसणारे असावे. त्याच्या कडेची फट इतकी बारीक असावी की सब्बलीचे टोक तिच्यात शिरू नये. बिजागऱ्या बाहेरून दिसत असतील, तर दाराच्या आतल्या बाजूने त्याच कडेला एक जाड पट्टी वेल्ड करून घ्यावी, म्हणजे बिजागरी कापली तरी दार निघत नाही. बाहेर लोंबणाऱ्या कुलपापेक्षा आत बसवलेले चांगल्या प्रतीचे लिव्हरचे कुलूप घ्यावे. रंगरंगोटी आणि हँडल यांवरचे पैसे वाचवून ते या कुलपावर घालावेत.

सर्वांत महत्त्वाचे काम पेटी बसवण्याचे आहे, आणि नेमकी तिथेच बहुतेकांची हयगय होते. १९ किलोंची मोकळी पेटी एक माणूस खांद्यावर टाकून शेतात नेईल आणि तिथे निवांतपणे फोडील. मातीच्या भिंतीत विस्तारणारे बोल्ट धरत नाहीत, म्हणून भिंतीवर विसंबू नये. खोलीच्या कोपऱ्यात जमीन खोदून काळी माती काढून टाकावी, मुरूम लागेपर्यंत जावे किंवा मुरूम भरून चांगला धुमस करावा, आणि वर गज घालून काँक्रीट ओतावे. ओल्या काँक्रीटमध्येच १२ मिलिमीटरचे चार बोल्ट उभे करून ठेवावेत आणि पेटीच्या तळाच्या भोकांतून ते वर घेऊन नट आतून आवळावेत. काळी माती तशीच ठेवून वर नुसते काँक्रीट ओतले, तर उन्हाळ्यात ती आकसते, पावसाळ्यात फुगते, ओटा कलतो आणि दार अडकू लागते. नवे काँक्रीट काही आठवडे ओल सोडत राहते, तेव्हा ते पूर्ण वाळल्याशिवाय बंदूक आत ठेवू नये.

काडतुसे त्याच कप्प्यात ठेवू नयेत. त्यांना वेगळी, कुलपाची लहान पेटी असावी आणि तिची किल्लीही वेगळी असावी. ज्या खोलीत कापूस साठवला जातो, त्या खोलीत यांपैकी काहीच नको. भाव वाढण्याची वाट पाहत महिनोन्महिने घरात पडलेला कापूस एका ठिणगीने पेट घेतो, आणि आगीत काडतुसे फुटतात.

किल्ली अंगावर असावी. देव्हाऱ्यामागे, खुंटीवर किंवा धान्याच्या कोठीत ठेवलेली किल्ली घरातील लहान मुलाला सर्वांच्या आधी ठाऊक असते.

प्रश्न : संत्र्याचा बगीचा आहे, त्यामुळे खर्चाची फारशी अडचण नाही. एक दुनळी आणि एक रिव्हॉल्व्हर आहे. दुकानदार बोटाच्या ठशाने उघडणारी, सहा बंदुकांची मोठी तिजोरी सुचवतो. घ्यावी का? — एक बागायतदार, वरूड तालुका

उत्तर : सहा बंदुकांच्या जागेची आपल्याला गरज नाही. शस्त्र अधिनियमात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला जास्तीत जास्त दोन अग्निशस्त्रे बाळगता येतात. घरात दुसऱ्या कोणाचा स्वतंत्र परवाना असला, तरी एकाच तिजोरीत दोघांची शस्त्रे ठेवणे आम्हाला पटत नाही, कारण मग कोणते शस्त्र कोणाच्या ताब्यात होते हे सांगणे अवघड होते. उभ्या दुनळीला आणि वर एका कुलपाच्या कप्प्याला पुरेल एवढी तिजोरी घ्यावी, आणि उरलेली रक्कम जाड पत्रा आणि दाराच्या तीन बाजूंना निघणारे दांडे यांवर खर्च करावी.

बोटाच्या ठशाविषयी मात्र विचार करावा. रेशन दुकानातील यंत्रावर मजुरांचे आणि वृद्धांचे ठसे उमटत नाहीत, हा अनुभव आपल्या गावांत नवा नाही. मातीत, खतात आणि फवारणीत काम करणाऱ्या हाताच्या रेषा झिजतात आणि तीच अडचण तिजोरीपुढे येते. आकड्यांचे कुलूप त्या मानाने बरे. ते सेलवर चालत असल्याने वीज गेल्याने बंद पडत नाही. परंतु ४५ अंशांपुढच्या उन्हाळ्यात हलके सेल गळतात, म्हणून चांगले अल्कलाइन सेल घालून ते दरवर्षी बदलावेत. कारखान्यातून आलेला आकडा पहिल्याच दिवशी बदलावा. गाडीचा नंबर किंवा जन्मसाल ठेवू नये. अशा बहुतेक तिजोऱ्यांना अडचणीच्या वेळी वापरायची एक साधी किल्ली असते. स्वस्त मॉडेलमध्ये तेच कुलूप सर्वांत कच्चे निघते, तेव्हा विकत घेताना ते झाकण उघडून पाहावे. आमची पसंती विचाराल, तर चांगल्या लिव्हर कुलपाला आहे.

रिव्हॉल्व्हरसाठी हॉटेलच्या खोलीत असते तशी हलकी तिजोरी कपाटात नुसती ठेवून भागत नाही. तीही आतून बोल्टने स्लॅबच्या घराच्या काँक्रीटमध्ये पक्की करावी.

प्रश्न : लोखंडी पेटीत ठेवलेल्या बंदुकीच्या नळीवर पावसाळ्यात गंज धरतो. गवसणीतच ठेवतो, तेलही भरपूर लावतो. — एक वाचक, आरमोरी तालुका

उत्तर : पूर्व विदर्भातला पाऊस पाहता पेटी घेताना हा विचार आधीच करायला हवा. आपल्या बाबतीत दोष मुख्यतः गवसणीचा दिसतो. कापडी किंवा कातडी गवसणी ओल धरून ठेवते आणि बंद पेटीत ती ओल सरळ नळीला लागते. गवसणी केवळ नेण्या-आणण्यासाठी वापरावी. तेलाचा हात पातळ असावा. जास्त तेल ओघळून दस्त्याच्या लाकडात मुरते आणि लाकूड मऊ पडते.

पेटीच्या दाराला रबराची पट्टी लावून आत निळ्या सिलिका जेलची पुडी ठेवावी. ओल शोषली की तिचे दाणे गुलाबी होतात, आणि मंद आचेवर तापवले की पुन्हा निळे होतात. त्या निळ्या रंगात कोबाल्ट असते, म्हणून स्वयंपाकाचा तवा त्यासाठी मुळीच वापरू नये. जुन्या पत्र्याच्या झाकणात, घराबाहेर तापवावे. पेटी आणि भिंत यांत दोन इंच मोकळी जागा ठेवल्यास भिंतीची ओल पत्र्याला लागत नाही. मात्र त्या फटीत सब्बल घालता येऊ नये म्हणून कडेने पट्टी वेल्ड करून ती बंद करावी. आणखी एक गोष्ट, जी विदर्भाबाहेर कोणी सांगणार नाही : उन्हाळ्यात कूलरची हवा ज्या खोलीत येते, तिथे पेटी ठेवू नये. बाहेर रखरखीत ऊन असताना ती खोली दोन-तीन महिने दमट असते, आणि गंज पावसाळ्याची वाट पाहत नाही.

आगीपासून वाचवणाऱ्या तिजोऱ्यांच्या भिंतींत जिप्समसारखा पदार्थ भरलेला असतो. त्यात पाणी बांधलेले असल्याने आत ओल वाढू शकते. तशी तिजोरी घ्यायचीच असेल, तर सिलिका जेल दर महिन्याला पाहावे.

प्रश्न : वडिलांच्या नावावर बंदूक आहे. सलग दोन हंगाम हातचे गेल्यापासून ते गप्प झाले आहेत, जेवण तुटले आहे. तिजोरी आणली तर किल्ली त्यांच्याकडेच राहणार. मी काय करू? — एक मुलगी, आर्वी तालुका

उत्तर : ताई, या पत्राला तिजोरी हे उत्तर नाही. सध्या बंदूक घरात नसणेच योग्य. ती स्वतः हलवू नका आणि किल्ली लपवूनही ठेवू नका, कारण परवाना नसलेल्या माणसाने बंदूक ताब्यात घेणे कायद्याला धरून होत नाही. वडिलांशी त्यांच्या विश्वासातील माणसाला, काकांना किंवा जुन्या मित्राला, बोलायला लावून बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे काही काळ जमा करता येते. पावती मिळते, मालकी जात नाही. ते तयार नसतील, तर ठाणेदारांना प्रत्यक्ष भेटून सर्व सांगा. यात वडिलांची तक्रार करणे नाही, त्यांची काळजी घेणे आहे.

घरातील कीटकनाशकेही आजच कुलपात घालावीत आणि त्याची किल्ली तुम्ही ठेवावी. वडिलांना एकटे सोडू नका. ‘मरणाचे विचार मनात येतात का’ असे त्यांना सरळ, मायेने विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही, उलट माणूस मोकळा होतो. टेलिमानस या सरकारी मोफत सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते. घरच्यांनीही फोन केला तरी चालतो. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात त्यांना या आठवड्यातच घेऊन जावे.

प्रश्न : आजोबांच्या काळची ठासणीची बंदूक परवान्यावर आहे. ती सुटी होत नाही आणि बरेचदा भरलेलीच असते. कोणती पेटी घ्यावी? — एक शेतकरी, चिमूर तालुका

उत्तर : भरलेली बंदूक कोणत्याच पेटीत ठेवू नये. ठासणीच्या बंदुकीतून बार सहज काढता येत नाही, म्हणून ‘रात्री लागेल’ या विचाराने ती दिवसेंदिवस भरून ठेवण्याची सवय पडते. केवळ वरची टोपी (जिच्या ठिणगीने बार उडतो ती) काढल्याने बंदूक रिकामी होत नाही, आत बारूद असतेच. ती रिकामी करण्याचे काम घरी न करता शस्त्रविक्रेत्याकडून किंवा पोलिसांमार्फत जाणकाराकडून करून घ्यावे, आणि पुढे शेतात गेल्याशिवाय भरू नये. बंदुकीचा परवाना हा शिकारीचा परवाना नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. रानडुक्कर किंवा रोही मारण्यासाठी वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार वन विभागाची परवानगी स्वतंत्रपणे लागते.

पेटी उभीच लागेल. या बंदुका दुनळीपेक्षा लांब असू शकतात, तेव्हा फॅब्रिकेशनवाल्याकडे बंदूक न नेता टेपने माप घेऊन जावे आणि त्यात चार इंच वाढवून उंची सांगावी. बारूद आणि टोप्या त्या पेटीत नकोत, आणि एकमेकांजवळही नकोत.