शाळेच्या अभिरूप निवडणुकीत दोन विरोधी उमेदवारांचा प्रचार कसा घ्यावा?

खरे पक्ष अजिबात आणू नका, गावात घरोघरी भांडणं लागतील. दोन काल्पनिक आघाड्या करा, पण मुद्दे आपलेच ठेवा: कापसाचा भाव, सिंचनाचा अनुशेष, पंपाला रात्री मिळणारी वीज. आमच्या यवतमाळकडे एवढ्यावर पोरं तासभर भांडतात.

दोघांना सारखंच बजेट द्या. विधानसभेला उमेदवाराची खर्चमर्यादा ४० लाख आहे, तीच कागदावर धरा. सभा, पत्रकं, ऑटोवरचा भोंगा यांचे दर शिक्षकांनी ठरवावेत. (निम्मा पैसा भोंग्यावरच उडतो, बघा!) तिसरा गट निवडणूक आयोग, आचारसंहितेच्या तक्रारी त्याच्याकडे. मतदान संपण्याआधीचे ४८ तास प्रचार बंद असतो, तिथे एक तासिका शांत ठेवा. मतपत्रिकेवर ‘नोटा’ (वरीलपैकी कोणीही नाही) हा पर्याय हवाच.